दुव्यांच्या शोधयंत्रातून फाईल शोधताना

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याने दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटर गेल्यावर बबीना लागते. झाशी-बीना लोहमार्गावरील स्थानक, त्याला लागून असलेली लष्करी छावणी आणि तोफखाना व रणगाड्यांच्या सरावासाठी राखून ठेवलेली विस्तीर्ण माळराने ही या गावाची ओळख आहे. देशाच्या निरनिराळ्या भागांतील जवान व त्यांची कुटुंबे येथे काही काळ राहतात आणि बदलीचा हुकूम आला की पुढे जातात. त्यांत मराठी कुटुंबेही असतात. नेवाळकरांच्या झाशीशी मराठी माणसाचे नाते जुने असले, तरी मराठी पुस्तके मिळण्याची सोय मात्र या भागात फारशी नाही. साहजिकच एखादे जुने पुस्तक, नाटकाचे ध्वनिमुद्रण किंवा चित्रपट हवा असला की हात संगणकाकडे किंवा मोबाइलकडे वळतो.

अशा वेळी जी साधने पुढे येतात, त्यांत वापरकर्त्यांनी स्वतः नोंदवलेल्या फाईल-दुव्यांची शोधयंत्रे हा एक वेगळा प्रकार आहे. ती नेहमीच्या शोधयंत्रांसारखी दिसतात, पण त्यांचे काम वेगळ्या रीतीने चालते. त्यांच्यापासून मिळणारा लाभ आणि त्यांच्यातील धोका हे दोन्ही या वेगळेपणातूनच निर्माण होतात. त्यांची रचना, त्यांचा इतिहास, त्यांच्यावरील कायदेशीर बंधने आणि वापरताना घ्यावयाची काळजी यांची माहिती या लेखात दिली आहे.

शोधयंत्राजवळ फाईल नसते

नेहमीचे शोधयंत्र इंटरनेटवरील पाने स्वतः वाचत फिरते आणि त्यांची सूची तयार करते. फाईल-दुव्यांचे शोधयंत्र मात्र बव्हंशी वापरकर्त्यांनी भरलेल्या नोंदींवर चालते. कोणी तरी एक दुवा देतो, त्याला शीर्षक देतो, दोन ओळींचे वर्णन लिहितो आणि वर्ग निवडतो. शोधणाऱ्याला जे दिसते ते हे वर्णन असते. फाईल प्रत्यक्षात कोठे तरी दुसरीकडेच असते: एखाद्या साठवण-सेवेच्या संगणकावर, किंवा शेकडो अनोळखी लोकांच्या घरगुती संगणकांवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. मराठीत 'दुवा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत, साखळीची कडी आणि आशीर्वाद. येथे पहिलाच अर्थ घ्यावा. दुवा कोणी दिला आणि कोणत्या हेतूने दिला, हे शोधयंत्र सांगू शकत नाही.

या व्यवस्थेचा प्रारंभ १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या नॅपस्टर या सेवेपासून धरला जातो. नॅपस्टरमध्ये गाण्यांच्या फाईली वापरकर्त्यांच्या संगणकांवरच राहत, परंतु त्यांची सूची कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर असे. ही मध्यवर्ती सूचीच न्यायालयात कंपनीला भोवली आणि जुलै २००१ मध्ये सेवा बंद पडली. तोपर्यंत पुढच्या पिढीच्या पद्धती आलेल्या होत्या. नटेला या जाळ्यात मध्यवर्ती सूचीच नव्हती. इ-डाँकी या जाळ्याने फाईलच्या दुव्यात तिचे नाव, आकार आणि 'हॅश' ही तिन्ही एकत्र गुंफली. २००१ मध्ये ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रामरने बिटटोरेंट ही पद्धत प्रसिद्ध केली आणि मोठ्या फाईलींची देवाणघेवाण तिच्याकडे वळली.

हॅश म्हणजे काय, हे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे, कारण सगळ्या दुव्यांचा जीव त्यात आहे. फाईलमधील मजकुरावर एक गणिती प्रक्रिया केली असता अंक व अक्षरांची ठरावीक लांबीची एक मालिका मिळते. तिला फाईलच्या अंगठ्याचा ठसा म्हणता येईल. फाईलचे नाव बदलले तरी ठसा बदलत नाही, परंतु आतील एक अक्षर जरी बदलले तरी ठसा पूर्णपणे निराळा येतो. टोरेंटमधील प्रचलित ठसा ४० अक्षरांचा असतो. 'मॅग्नेट' नावाने ओळखला जाणारा दुवा म्हणजे मुख्यतः हाच ठसा. त्यात फाईल कोठे आहे याचा पत्ता नसतो, फक्त कोणती फाईल हवी आहे एवढे सांगितलेले असते. ती कोणाकडे आहे, हे जाळ्यातील संगणक एकमेकांना विचारून ठरवतात.

येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. मिळालेली फाईल दुव्यात सांगितलेलीच आहे, याची खात्री हॅश देतो. पण दुवा देणाऱ्याने शीर्षक खरे लिहिले आहे की नाही, याची खात्री तो देत नाही. बाटलीवरचे बूच शाबूत आहे म्हणून आत औषधच आहे असे होत नाही.

मराठी शब्द शोधण्याची अडचण

इंग्रजीत शोधणाऱ्याला जी अडचण जाणवत नाही ती मराठी वाचकाला पहिल्याच पायरीवर भेटते. दुवा देणाऱ्याने शीर्षक जसे लिहिले असेल तसेच ते शोधावे लागते, आणि मराठी शीर्षके लिहिण्याच्या पद्धती अनेक आहेत. पुष्कळ लोक ती रोमन लिपीत लिहितात. 'माझा' या शब्दातील 'झ' कोणी झेड या अक्षराने लिहितो, तर कोणी जे आणि एच ही दोन अक्षरे जोडून. शेवटचा 'आ' कोणी एका 'ए' ने दाखवतो, कोणी दोन 'ए' लिहितो. देवनागरीत लिहिले तरी प्रश्न संपत नाही. आपण 'झाशी' लिहितो, हिंदीत 'झांसी' किंवा चंद्रबिंदूसह 'झाँसी' लिहिले जाते, जुन्या मराठी ग्रंथांत 'झांशी' असेही रूप आढळते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांबद्दल तर बोलायलाच नको. यंत्राला त्या चुका वाटत नाहीत, वेगळे शब्द वाटतात.

याहून सूक्ष्म अडचण संगणकीय संकेतांची आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटमध्ये टंकित होत असे. हे फाँट मुळात रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या दाखवत. तो फाँट संगणकावर नसेल तर त्या मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक गुंता दिसतो, आणि शोधयंत्रालाही तोच दिसतो. अशा फाईलीत शब्द असूनही ते सापडत नाहीत. युनिकोडमध्येसुद्धा 'तऱ्हा', 'वाऱ्या' यांसारख्या शब्दांतील अर्धा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, यंत्राला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. जुन्या पुस्तकांच्या छायाप्रती तर केवळ चित्रे असतात. त्यांच्या आत अक्षर-शोध चालत नाही, फक्त शीर्षकावर भिस्त ठेवावी लागते.

म्हणून मराठी पुस्तक शोधताना एकच शब्दरूप धरून बसू नये. लेखकाचे आडनाव, प्रकाशनाचे वर्ष किंवा संपादकाचे नाव यांच्या आधारे वेगवेगळे शोध घ्यावेत. पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घातल्यास बहुतेक यंत्रे ते शब्द त्याच क्रमाने शोधतात. देवनागरीत काही न मिळाल्यास रोमन लिपीतील दोन-तीन रूपे करून पाहावीत. ग्रंथालयाच्या सूचीत नोंद शोधण्याची सवय असलेल्यांना हे काम अवघड वाटणार नाही.

नोंद कशी वाचावी

शोधाचे निकाल समोर आल्यावर सर्वांत वरचा दुवा उघडण्याची घाई बहुतेक जण करतात. थोडे थांबून नोंद नीट वाचली तर पुष्कळ गोष्टी कळतात. पहिली म्हणजे आकार. तीनशे पानांच्या छापील पुस्तकाची छायाप्रत साधारणपणे काही मेगाबाइटची, कित्येकदा काही दहा मेगाबाइटची असते. पुस्तकाच्या नावाखाली अर्ध्या मेगाबाइटची फाईल दिसली आणि तिचे नाव डॉट ईएक्सई या अक्षरांनी संपत असले, तर ते पुस्तक नाही, चालवावयाचा प्रोग्राम आहे. नावात आधी डॉट पीडीएफ आणि मग डॉट ईएक्सई अशी दुहेरी शेपटी लावण्याची युक्ती जुनी आहे. विंडोज प्रणाली नेहमीच्या मांडणीत शेवटची शेपटी लपवते, त्यामुळे ती युक्ती साधते.

टोरेंटच्या नोंदीत 'सीडर' आणि 'लीचर' असे दोन आकडे असतात. ज्यांच्याकडे पूर्ण फाईल आहे आणि जे ती इतरांना देत आहेत ते सीडर. जे अद्याप घेत आहेत ते लीचर. सीडर शून्य असतील तर नोंद कितीही आकर्षक असो, फाईल पूर्ण मिळण्याची आशा कमीच. मराठी साहित्याच्या बाबतीत हे वारंवार घडते, कारण मागणारे थोडे आणि संगणक चालू ठेवून देणारे त्याहून थोडे. पाहण्यासाठी एखादा विशेष प्रोग्राम बसवावा लागेल असे सांगणारी फाईल, किंवा परवलीच्या शब्दासाठी दुसऱ्या संकेतस्थळावर जाऊन मोबाइल क्रमांक भरण्यास सांगणारी फाईल सोडून द्यावी. येथे अपवाद शोधण्यात अर्थ नाही.

साठवण-सेवांवरील दुव्यांची गोष्ट निराळी. ते एका कंपनीच्या एका संगणकाशी बांधलेले असतात आणि कंपनी गेली की एकाच दिवशी सगळे मरतात. १९ जानेवारी २०१२ रोजी अमेरिकी अधिकाऱ्यांनी मेगाअपलोड ही सेवा बंद केली तेव्हा चोरीच्या फाईलींबरोबर सामान्य लोकांनी ठेवलेल्या स्वतःच्या फाईलीही हाताबाहेर गेल्या. रॅपिडशेअर ही सेवा ३१ मार्च २०१५ रोजी थांबली. त्यांचे दुवे मात्र अनेक सूचींत पुढेही पडून राहिले.

बंद पडलेल्या सूची

या क्षेत्रातील संकेतस्थळांचे आयुष्य अल्प असते. सुप्रनोव्हा ही त्या काळची मोठी टोरेंट-सूची डिसेंबर २००४ मध्ये बंद झाली. स्वीडनमधील पायरेट बे या संकेतस्थळाच्या संगणकांवर ३१ मे २००६ रोजी छापा पडला आणि १७ एप्रिल २००९ रोजी स्टॉकहोमच्या न्यायालयाने त्याच्याशी संबंधित चौघांना प्रत्येकी एक वर्षाच्या कारावासाची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात शिक्षेचा काळ कमी झाला. 'आमच्याकडे फाईल नाही, फक्त दुवा आहे' हा बचाव न्यायालयाने मान्य केला नाही. कॅनडातील आयसोहंट ऑक्टोबर २०१३ मध्ये, किकअ‍ॅस टोरेंट्स जुलै २०१६ मध्ये आणि अनेक सूची एकत्र शोधणारे टोरेंट्झ त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंद झाले. एखादे प्रसिद्ध नाव बंद पडले की त्याच नावाची, त्याच रंगरूपाची नवी संकेतस्थळे उभी राहतात. त्यांचा मूळ चालकांशी बहुधा संबंध नसतो आणि जाहिरातींच्या सापळ्यांत त्यांचा वाटा मोठा असतो. परिचित नाव दिसले म्हणून विश्वास ठेवणे येथे धोक्याचे आहे.

भारतातील कायदा

भारतात या विषयाला मुख्यत्वे प्रताधिकार अधिनियम, १९५७ लागू होतो. २०१२ मध्ये त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या झाल्या. कलम ५२ मध्ये समाविष्ट झालेल्या तरतुदीनुसार, दुवे पुरवण्याच्या ओघात होणारी तात्पुरती साठवण हे उल्लंघन ठरत नाही. मात्र प्रत बेकायदा असल्याची चालकाला जाणीव असेल किंवा तसे मानण्यास वाजवी कारण असेल तर हे संरक्षण मिळत नाही. हक्कधारकाने लेखी तक्रार केल्यास २१ दिवस, किंवा न्यायालयाचा आदेश मिळेपर्यंत, तो दुवा थांबवावा लागतो. कलम ६३ खाली जाणीवपूर्वक उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल प्रकरणात स्पष्ट केले.

केवळ पाहणे हा गुन्हा आहे काय, हा प्रश्न वाचक नेहमी विचारतात. त्याचे उत्तर मुंबई उच्च न्यायालयाच्या एका आदेशात सापडते. २०१६ मध्ये 'ढिशूम' या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने काही संकेतस्थळे रोखण्यात आली, तेव्हा तेथे दिसणाऱ्या सूचनेत असा मजकूर नुसता पाहणे हाही शिक्षापात्र गुन्हा असल्याचे म्हटले होते. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी त्या वाक्यावर बोट ठेवले. अनुमतीशिवाय पाहणे नव्हे, तर अनुमतीशिवाय वितरण करणे, जाहीर प्रदर्शन करणे, विक्रीस वा भाड्याने देणे हा गुन्हा होय, असे त्यांनी नोंदवले आणि सूचना सुधारण्यास सांगितले. या आदेशाचा अर्थ पुष्कळांनी आपल्या सोयीने लावला. टोरेंटमध्ये फाईल घेणारा संगणक त्याच क्षणी मिळालेले तुकडे इतरांना देऊ लागतो. म्हणजे घेणारा हा देणाराही ठरतो, आणि 'मी फक्त पाहत होतो' हे म्हणणे तेथे टिकत नाही.

मराठी चित्रपटसृष्टीला या प्रकारांची झळ चांगलीच लागली आहे. २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झालेल्या 'सैराट'च्या चोरट्या प्रती चित्रगृहांत खेळ चालू असतानाच फिरू लागल्या होत्या. त्याच वर्षी 'उडता पंजाब' हा चित्रपट तर प्रदर्शनापूर्वीच टोरेंटवर आला, आणि त्या प्रतीवर परिनिरीक्षणासाठी दिलेल्या प्रतीची खूण होती. मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने या प्रकरणी दिल्लीतून एकाला अटक केली. मोठ्या बोलपटाला असा फटका सोसता येतो, पण पन्नास-साठ पडद्यांवर लागणारा लहान मराठी चित्रपट पहिल्या आठवड्यावरच जगतो, हे येथे विसरता कामा नये.

१० एप्रिल २०१९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मनमोहन यांनी यूटीव्ही सॉफ्टवेअर प्रकरणात दिलेल्या निकालाने चोरटी संकेतस्थळे ओळखण्याच्या कसोट्या ठरवल्या. एक पत्ता रोखला की दुसऱ्या पत्त्याने उघडणाऱ्या प्रतिरूप संकेतस्थळांनाही तोच मनाई हुकूम लागू करण्याची सोय त्यात झाली. २०२३ मध्ये चलचित्र अधिनियमात दुरुस्ती होऊन चित्रपटाची अनधिकृत प्रत काढणे व प्रसारित करणे यांसाठी तीन महिने ते तीन वर्षे कारावास, तसेच किमान तीन लाख रुपयांपासून निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठरवण्यात आला.

दुव्यांची देवाणघेवाण आता मोठ्या प्रमाणात टेलिग्रामसारख्या संदेश-सेवांवर चालते. या संदर्भातील एका प्रकरणाचा संबंध योगायोगाने झाशीशी आहे. १९४२ मध्ये झाशी येथेच सुरू झालेल्या 'दैनिक जागरण' या वृत्तपत्राचे अंक टेलिग्रामवरील वाहिन्यांत परस्पर वाटले जात होते. त्याविरुद्ध व्यवस्थापनाने दाद मागितल्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २९ मे २०२० रोजी त्या वाहिन्या हटवण्याचा आणि त्या चालवणाऱ्यांची माहिती देण्याचा आदेश दिला.

छावणीसाठी जपानचा धडा

बबीनासारख्या ठिकाणी या विषयाला आणखी एक बाजू आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत गंभीर आहे. फाईल घेताना आपण काय देतो, हा तो प्रश्न.

जपानमध्ये २००२ साली विनी नावाचा फाईल-वाटपाचा प्रोग्राम प्रसिद्ध झाला. तो टोकियो विद्यापीठातील संशोधक इसामू कानेको यांनी लिहिला होता. कोणाकडून काय आले हे कळू नये, अशी त्याची रचना होती आणि अल्पावधीत तो कमालीचा लोकप्रिय झाला. पाठोपाठ अँटिनी नावाचा विषाणू आला. गाणे किंवा चित्रपट म्हणून उतरवलेल्या फाईलमधून तो संगणकात शिरे आणि त्या संगणकातील इतर कागदपत्रे गुपचूप वाटपाच्या कप्प्यात टाकी. मालकाच्या नकळत त्याची खासगी पत्रे, कार्यालयीन अहवाल, छायाचित्रे जाळ्यात पसरत. एकदा पसरलेली फाईल परत घेण्याचा मार्गच नव्हता, कारण मध्यवर्ती संगणक असा कोठे नव्हताच.

फेब्रुवारी २००६ मध्ये उघड झाले की, जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाच्या असायुकी या विनाशिकेवरील एका कर्मचाऱ्याच्या खासगी संगणकातून गोपनीय माहिती विनीच्या जाळ्यात गेली आहे. त्याने कामाच्या फाईली स्वतःच्या संगणकात ठेवल्या होत्या आणि त्याच संगणकावर विनी चालू होते. पोलिसांच्या तपासाची कागदपत्रेही अन्य घटनांत अशीच बाहेर पडली. मार्च २००६ मध्ये त्या वेळचे मुख्य कॅबिनेट सचिव शिंझो आबे यांनी नागरिकांना विनी न वापरण्याचे जाहीर आवाहन केले. संरक्षण विभागाला कर्मचाऱ्यांचे खासगी संगणक कामातून दूर करण्यासाठी हजारो सरकारी संगणक विकत घ्यावे लागले. कानेको यांना २००४ मध्ये अटक झाली होती, २००६ मध्ये क्योटोच्या न्यायालयाने त्यांना दंड ठोठावला, २००९ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निर्दोषता कायम केली. साधन बनवणारा आणि त्याचा गैरवापर करणारा यांत फरक करावा लागतो, हे न्यायालयाने मान्य केले. बाहेर गेलेली गुपिते अर्थातच परत आली नाहीत.

असायुकीवरील त्या कर्मचाऱ्याने कोणाला काही विकले नव्हते. छावणीतील घराघरांत एकच लॅपटॉप मुलांच्या अभ्यासाला, चित्रपटाला आणि कधी कधी कार्यालयातून आणलेल्या कामालाही वापरला जातो. मुलाने एखाद्या दुव्यावरून खेळ उतरवला तर त्याचे परिणाम वडिलांच्या सेवेपर्यंत पोहोचू शकतात. भारतात शासकीय गुपितांचा अधिनियम १९२३ पासून लागू आहे. २०२० च्या जुलैमध्ये भारतीय लष्कराने आपल्या अधिकारी व जवानांना मोबाइलमधून ८९ अ‍ॅप काढून टाकण्यास सांगितले, त्यांत फाईल वाटण्याची अ‍ॅपही होती. शेअरइट आणि झेंडर या दोन अ‍ॅपवर त्यापूर्वीच २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातली होती.

ज्यांच्या घरात कामाचे कागद येतात त्यांनी वाटपाचे प्रोग्राम त्या संगणकावर बसवूच नयेत. बसवायचेच असतील तर वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या कप्प्यासह बसवावेत आणि कोणता कप्पा वाटपासाठी खुला आहे हे स्वतः तपासावे. टोरेंटमध्ये सहभागी होणाऱ्या प्रत्येक संगणकाचा आयपी पत्ता त्याच फाईलच्या इतर सर्व सहभागींना दिसतो, हेही बहुतेकांना माहीत नसते.

कायदेशीर मार्ग आणि 'माझा प्रवास'

फाईल-वाटपाचे तंत्र मुळात बेकायदा नाही. लिनक्सच्या डेबियन, उबुंटू यांसारख्या प्रणाली त्यांचे निर्मातेच टोरेंटद्वारे देतात. इंटरनेट अर्काइव्ह हे संग्रहालय आपल्या असंख्य ग्रंथांसाठी टोरेंटची सोय देते. प्रश्न केवळ त्या विशिष्ट कृतीवर कोणाचा हक्क आहे, एवढाच असतो, आणि मराठी वाचकाला तो बऱ्याच अंशी स्वतःच सोडवता येतो.

भारतात साहित्यकृतीवरील हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०१० च्या अखेरीस मुक्त झाली. मामा वरेरकर १९६४ मध्ये गेले, त्यांच्यासाठी ही मुदत २०२४ च्या अखेरीस संपली. वि. स. खांडेकरांसाठी ती २०३६ पर्यंत आणि पु. ल. देशपांडे यांच्यासाठी २०६० पर्यंत आहे. चित्रपट व ध्वनिमुद्रणे यांचा हिशेब प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. १९५३ चा 'श्यामची आई' हा बोलपट त्यामुळे २०१३ च्या अखेरीस मुक्त झाला.

आता बबीनातील त्या वाचकाकडे वळू, ज्याला जवळच्या झाशीत १८५८ साली काय घडले ते मराठीतून वाचावयाचे आहे. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले आणि सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा शहरातच होते. त्यांनी लिहिलेली हकिकत चिंतामण विनायक वैद्य यांनी 'माझा प्रवास' या नावाने १९०७ मध्ये प्रकाशित केली. वैद्य १९३८ मध्ये वारले. ही जुनी आवृत्ती कोणत्याही दुव्यावरून निर्धास्तपणे घेता येते. परंतु वैद्यांनी मूळ मजकुरात फेरफार केले होते, आणि मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी संपादित केलेली आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. पोतदारांचे निधन १९७९ चे आहे, तेव्हा त्यांची प्रस्तावना व टिपा २०३९ पर्यंत संरक्षित आहेत. अमृतलाल नागर यांच्या हिंदी अनुवादाला आणि मृणाल पांडे यांच्या इंग्रजी अनुवादाला स्वतंत्र हक्क आहेत. वापरकर्त्यांनी भरलेल्या सूचीत या सर्वांचे शीर्षक पुष्कळदा एकच असते. म्हणून फाईल उघडताच मुखपृष्ठामागील पान पाहावे, त्यावर प्रकाशनाचे वर्ष आणि संपादकाचे नाव असते.

दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी लिहिलेले झाशीच्या राणीचे १८९४ मधील चरित्रही मुक्त आहे. अशी पुस्तके मराठी विकिस्रोत, इंटरनेट अर्काइव्ह आणि खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय येथे आधी शोधावीत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य देते, मराठी विश्वकोशही इंटरनेटवर खुला आहे. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने पुस्तके वाटते. या ठिकाणी सीडर मोजावे लागत नाहीत आणि फाईलची शेपटीही तपासावी लागत नाही.

संशयास्पद दुव्यामुळे आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा, कारण पैसे गोठवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. इतर सायबर गुन्ह्यांची तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर देता येते. संगणकात शिरलेले घातक प्रोग्राम काढण्यासाठी सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून विनामूल्य साधने पुरवते. लष्करी कर्मचाऱ्यांनी मात्र कार्यालयीन माहिती बाहेर गेल्याची शंका येताच प्रथम आपल्या तुकडीच्या अधिकाऱ्यांना कळवावे आणि संगणक जाळ्यापासून तोडून जसाच्या तसा ठेवावा. त्यातील काहीही पुसू नये.